कुलूप कोणाचं, किल्ली कोणाची? : सायबर सुरक्षा, कायदा आणि संचालकांची जबाबदारी

(पाली, जि. बीड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. सायबर सुरक्षेवर एखादा तरुण इंजिनिअर बोलवा. मला अजून मोबाईलचं अपडेट नातवाकडून करून घ्यावं लागतं. (हशा) त्यावर ते म्हणाले, "सर, कॉम्प्युटरचं सांगणारे खूप मिळतात. जबाबदारी कोणाची, हे सांगणारं कोणी मिळत नाही." म्हणून आलो. आणि खरं सांगायचं तर आणखी एक कारण आहे, ते पुढे सांगतो.

येताना सोलापूर रस्त्यावर खजाना विहिरीपाशी थोडा थांबलो. तुमची रोजची पाहिलेली आहे ती. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने बांधली. जमिनीखालच्या भुयारी कालव्यातून पाणी येतं आणि आपल्या उताराने बीडच्या बाजूला जातं. वर उभं राहून बघितलं तर काय दिसतं? एक विहीर, पाणी. खरी यंत्रणा सगळी खाली आहे, अंधारात. तिथे गाळ साचला तर वरच्याला कळत नाही. ज्या दिवशी पाणी येत नाही त्या दिवशी कळतं. मग गाव म्हणतं, "गाळ कोणी काढायचा होता?"

आजची बँक, पतसंस्था, साखर कारखाना, दवाखाना, शाळा यांचं असंच झालंय. वर काउंटर, पासबुक, अध्यक्षांचा फोटो. यंत्रणा खाली, तारांमध्ये. आणि गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कॉसमॉस बँकेत काय घडलं

आधी एक घडलेली गोष्ट. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक. १९०६ सालची, म्हणजे शंभरी ओलांडलेली संस्था. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी. त्या दिवशी काही तासांत जगातल्या २८ देशांमधल्या एटीएम यंत्रांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. साधारण बारा हजार व्यवहार. भारतातही २,८४९ व्यवहार झाले, अडीच कोटींचे. मग रविवार गेला. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट नावाची जी बँका-बँकांमधली आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणा आहे, तिच्यातून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यावर गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे कसं झालं? सोप्या भाषेत सांगतो. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं, "या माणसाच्या खात्यात पैसे आहेत का? देऊ का?" बँकेची मुख्य यंत्रणा खातं तपासते आणि सांगते, "दे" किंवा "देऊ नको". हा निरोप ज्या ठिकाणाहून जातो त्याला स्विच म्हणतात. चोरांनी काय केलं, बँकेच्या यंत्रणेत आधीच घुसून एक खोटा स्विच बसवला. एटीएमचा प्रश्न खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचायचाच नाही. मध्येच हा तोतया उत्तर द्यायचा, "दे, दे." म्हणजे तिजोरी फोडली नाही. तिजोरीच्या दारावरचा पहारेकरीच बदलला.

ग्राहकांच्या खात्यांतले पैसे गेले नाहीत, नुकसान बँकेचं झालं. पुढे पोलिसांनी तपास केला, काही रक्कम परतही मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून चार वर्षांपर्यंतची शिक्षा दिली. हे ११ जण कोण? बहुतेक बनावट कार्डं घेऊन एटीएमसमोर उभे राहिलेले. ज्यांनी तो खोटा स्विच लिहिला ते कुठल्या कुठे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला आहे. विचार करा, पुण्यातली सहकारी बँक आणि उत्तर कोरिया! आपली सहकारी चळवळ जिल्हा निबंधकांना घाबरायला शिकली होती. आता शत्रू कुठून येईल याचा नेम राहिला नाही.

या घटनेनंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ ला, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. त्यातला एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. सायबर सुरक्षेचं धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेलं पाहिजे आणि ते संगणकाच्या साध्या धोरणाहून वेगळं पाहिजे. म्हणजे रिझर्व्ह बँक काय म्हणते? हा विषय "कॉम्प्युटरवाल्या पोराचा" नाही. हा संचालकांच्या टेबलावरचा विषय आहे.

माझी सही

आता ते दुसरं कारण सांगतो.

निवृत्तीनंतर काही वर्षं मी एका पगारदारांच्या पतसंस्थेवर संचालक होतो. कुठली, ते सोडा. सगळी भली माणसं. कोणी एक पैसा खाल्ला नाही. कॉसमॉसच्या बातमीच्या काही महिने आधी आमच्या संस्थेच्या बँक खात्यातून एका शुक्रवारी संध्याकाळी अकरा लाख रुपये गेले. आमच्या क्लार्कला फोन आला होता, "केवायसी अपडेट करायचंय, हे ॲप टाका." त्याने टाकलं. त्या ॲपमधून समोरच्याला आमच्या कॉम्प्युटरचा पडदा दिसू लागला. नेट बँकिंगचं लॉगिन एकच होतं, मॅनेजरांच्या नावाचं. ओटीपी येणारा मोबाईल मॅनेजर बाहेरगावी जाताना ऑफिसमध्येच ठेवून जायचे, काम अडू नये म्हणून. पैसे गेल्याचं शनिवारी कळलं. कोणाला कळवायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. सोमवारी बँकेत गेलो तोवर रक्कम पाच-सहा खात्यांतून फिरून निघून गेली होती.

रविवारी तातडीची सभा झाली. क्लार्कला निलंबित करायचा ठराव आला. सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते म्हणजे मीही हात वर केला. तो दारापाशी उभा होता. एवढंच म्हणाला, "सर, मी एकट्यानंच केलं का हे?" मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी नीतिशास्त्राचा प्राध्यापक, बरं का.

तीन महिन्यांनी लेखापरीक्षक जुनी इतिवृत्तं चाळत होते. त्यांनी एक पान माझ्यासमोर ठेवलं. आठ महिन्यांपूर्वीच्या मासिक सभेचं. विषय क्रमांक नऊ, क्लार्कचा अर्ज : नेट बँकिंगसाठी दोन स्वतंत्र लॉगिन घ्यावीत, एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने मंजुरी द्यावी. खाली आमचा निर्णय : "वाचण्यात आला. पुढील सभेत ठेवावा." पुढच्या सभेत तो आलाच नाही. त्याच सभेत वार्षिक सभेला सभासदांना भेट काय द्यायची, स्टीलचा डबा की छत्री, यावर आम्ही पाऊण तास बोललो होतो. मला ती चर्चा चांगली आठवते, कारण छत्रीच्या बाजूने मी बोललो होतो. आणि त्या पानावर माझी सही होती.

निलंबन मागे घेतलं. पण त्याने नंतर राजीनामा दिला. मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याने चहा दिला, नोकरीबद्दल काही बोलला नाही. मी माफी मागितली की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. काहीतरी पुटपुटलो असेन.

तेव्हापासून मी हा कायदा वाचायला लागलो. वकील म्हणून नाही, आरोपी म्हणून. (शांतता)

अज्ञान ही सबब की अपराध?

जबाबदारी या शब्दाचा जरा विचार करू. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने निकोमॅकियन एथिक्स या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात हा प्रश्न घेतला आहे. अजाणता केलेल्या कृतीला आपण माफी देतो. पण तो पुढे म्हणतो की अज्ञानालाच माणूस स्वतः जबाबदार असेल, तर? दारू पिऊन शुद्ध हरपलेल्याने "मला कळलंच नाही" म्हणायचं, याला काय अर्थ? न कळण्याची सोय त्याने स्वतःच केली होती. जे कळणं शक्य होतं आणि कळून घेणं आपलं काम होतं, ते कळलं नाही ही सबब होत नाही.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी पैशाच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजले आहेत. एवढी यादी का केली असेल? राजाने चोरी पकडावी म्हणून तर आहेच. पण ही यादी एकदा लिहिली गेली की कुठल्याही अधीक्षकाला "असं होऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं" असं म्हणता येत नाही.

आजचा कायदा नेमका इथे उभा आहे. आता कायद्याकडे येतो. जेवढं तुम्हाला लागेल तेवढंच सांगतो.

कायदा काय सांगतो

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू. त्यात मोठी दुरुस्ती २००८ ला झाली, ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. या दुरुस्तीने कलम ४३-अ आलं. लोकांची संवेदनशील माहिती बाळगणाऱ्या संस्थेने वाजवी सुरक्षा ठेवण्यात निष्काळजीपणा केला आणि त्यामुळे कोणाचं नुकसान झालं, तर संस्थेने भरपाई द्यायची. संस्था म्हणजे फक्त मोठी कंपनी नव्हे. भागीदारी, एकट्याचा धंदा, व्यवसाय करणारा लोकांचा समूह, सगळे त्यात येतात.

दुसरं कलम ८५. कंपनीने या कायद्याचा भंग केला, तर त्या वेळी कारभार ज्याच्या हातात होता तोही दोषी धरला जातो. त्याला सुटायचं असेल तर दोनपैकी एक सिद्ध करावं लागतं : हे माझ्या नकळत घडलं, किंवा ते टाळण्यासाठी मी योग्य ती सगळी काळजी घेतली होती. आणि पुढचं पोटकलम आणखी कडक आहे. संचालकाच्या, व्यवस्थापकाच्या संमतीने, संगनमताने किंवा दुर्लक्षामुळे घडलं असं दिसलं, तर तोही दोषी. दुर्लक्ष! संमती आणि संगनमत यांच्या रांगेत कायद्याने दुर्लक्षालाही बसवलंय. इथे एक स्पष्ट करतो, संस्थेवर चोरी झाली म्हणजे संचालक लगेच गुन्हेगार, असं नाही. संस्थेने स्वतः कायद्याने घातलेलं बंधन मोडलं असेल तेव्हाचा हा प्रश्न आहे.

बंधन म्हणजे कुठलं? एक उदाहरण देतो. देशात सर्ट-इन नावाची सरकारी यंत्रणा आहे, संगणकावरच्या हल्ल्यांसाठीची. तिने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची. आणि यंत्रणेच्या नोंदी, ज्यांना लॉग म्हणतात, त्या १८० दिवस जपून ठेवायच्या. सहा तास! आम्ही शनिवार-रविवार घालवला होता.

कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६ संचालकाला सांगतं की वाजवी काळजी, कौशल्य आणि तत्परतेने काम करा. सहकारी संस्था असेल तर आपला १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा. त्यात समितीचे सदस्य निर्णयांना संयुक्तपणे आणि वैयक्तिकपणे जबाबदार धरले आहेत. आणि कलम ८८ ची चौकशी म्हटलं की सहकारातल्या कोणत्याही माणसाला घाम फुटतो. संस्थेचं नुकसान दोषी संचालकांकडून वसूल करायची ती वाट आहे. हा कायदा संगणकाच्या आधीचा, पण विश्वासभंग तोच, मग तो वहीतून होवो की पडद्यावरून.

आणि सर्वांत नवा, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्यात माहिती गोळा करणाऱ्याला एक नाव दिलंय, डेटा फिड्युशियरी. सरळ मराठीत विश्वस्त. मला हे नाव फार आवडलं. तुमची माहिती माझ्याकडे आली म्हणजे ती माझी झाली नाही, ती ठेव आहे.

या कायद्यात तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. दोन, माहिती फुटली तर मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्यांना कळवायचं. लपवलं तर २०० कोटींपर्यंत दंड. तीन, काम बाहेरच्या कंपनीला दिलं होतं ही सबब चालत नाही. करार काहीही असो, जबाबदारी विश्वस्ताचीच. आपल्याकडे हे फार चालतं ना, "सॉफ्टवेअरवाल्याला विचारा." सॉफ्टवेअरवाला म्हणतो, "सर्व्हर दुसऱ्याचा आहे." आणि सभासद दाराबाहेर उभा.

मला पटत नाही ते

मी कायद्याचा भाट नाही. या नव्या कायद्यातल्या दोन गोष्टी मला बोचतात.

पहिली, दंड जमा होतो सरकारी तिजोरीत. ज्या बाईची माहिती फुटली, तिला त्यातून काही मिळत नाही. उलट भरपाई देणारं ते जुनं कलम ४३-अ, ते वगळायची तरतूद या नव्या कायद्यात आहे. म्हणजे दंडाचा आकडा मोठा झाला आणि बळी पडलेल्याचा हक्क लहान झाला.

दुसरी, दंड संस्थेला होतो. संस्थेचा पैसा कोणाचा? सभासदांचा. म्हणजे आधी सभासदाची माहिती गेली आणि मग दंडही त्याच्याच ठेवीतून! म्हणून संस्थेच्या आत जबाबदारी ठरवणं फार महत्त्वाचं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना वेगळं सांगायची गरज नाही. पतसंस्थांची, मल्टिस्टेटची शटर खाली आल्यावर ठेवीदारांची काय दैना होते, हे बीडने पाहिलंय. ती प्रकरणं सायबर हल्ल्याची नव्हती. पण म्हातारपणाचा पैसा अडकलेल्या माणसाला तो पैसा कुठल्या वाटेने गेला, याने काय फरक पडतो?

दोष वाटून घेता येतो

निवाड्याचं एक चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव निवाडा अधिकारी असतो. पाच कोटींपर्यंतचे भरपाईचे दावे त्याच्यासमोर चालतात. पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या खात्यातून ८० लाखांहून जास्त रक्कम गेली होती. कंपनीकडून एका फसव्या ईमेलला उत्तर दिलं गेलं होतं. बँक होती पंजाब नॅशनल बँक. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या निवाडा अधिकाऱ्याने बँकेला ४५ लाख द्यायला सांगितलं. म्हणजे जवळजवळ अर्धे. ईमेलला उत्तर देण्यात ग्राहकाची चूक आहे, म्हणून पूर्ण रक्कम नाही. पण चोरांनी पैसे वळवण्यासाठी जी खाती उघडली त्यांची तपासणी नीट झाली नव्हती, ही बँकेची चूक.

मला हा निवाडा तत्त्वज्ञान म्हणूनही आवडतो. आपल्याला एकच दोषी हवा असतो. एक सापडला की बाकीचे निर्दोष झाल्यासारखे घरी जातात. आम्ही त्या रविवारी तेच केलं.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत इक्विफॅक्स नावाची कंपनी आहे, लोकांच्या कर्जाची कुंडली ठेवणारी. २०१७ मध्ये तिच्याकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. ज्या सॉफ्टवेअरच्या भोकातून चोर शिरले, ते बुजवायचं ठिगळ मार्चमध्येच उपलब्ध झालं होतं, ते लावलंच नाही. कंपनीच्या प्रमुखाने पद सोडलं आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेच्या समितीसमोर सांगितलं की ज्या एका माणसाने ते ठिगळ लावायचा निरोप द्यायला हवा होता, त्याने तो दिला नाही. एक माणूस! साडेचौदा कोटींहून जास्त लोकांचं कुलूप एका माणसाच्या आठवणीवर टांगलं होतं, तर ते तिथे टांगलं कोणी?

पण मानद संचालकाने काय करायचं?

आता तुमच्यातले काही मनात म्हणत असतील, "सर, आम्ही भत्ता घेतो सभेचा दोनशे रुपये. शेती बघायची, घर बघायचं आणि वर हे? अशी जबाबदारी लादली तर चांगला माणूस संचालक होणारच नाही." ही शंका रास्त आहे. मी ती उडवून लावणार नाही.

पण कायदा तुमच्याकडून तज्ज्ञ व्हायची अपेक्षा करत नाही. योग्य ती काळजी म्हणजे काय? तुम्ही विहिरीत उतरून गाळ काढायचा नाही. गाळ काढला का, कधी काढला, कोणी बघितला, एवढं विचारायचं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून ठेवायचं. उद्या चौकशी झाली तर तुमच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार असतो, सभेचं इतिवृत्त. तो तुमच्या विरुद्धही बोलू शकतो, हे मी अनुभवलंय.

पुढच्या मासिक सभेत हे पाच प्रश्न विचारा :

१. पैसे पाठवताना नोंद करणारा आणि मंजुरी देणारा वेगळे आहेत का? दोघांचे पासवर्ड आणि मोबाईल वेगळे आहेत का?

२. नोकरी सोडून गेलेल्यांची लॉगिन बंद केली का? कोणत्या तारखेला?

३. माहितीची जादा प्रत रोज कुठे ठेवली जाते आणि तिच्यावरून काम पुन्हा चालू करून कोणी, कधी पाहिलं? नुसती प्रत आहे म्हणू नका. जनरेटर आहे म्हणणं वेगळं आणि लाइट गेल्यावर तो सुरू होणं वेगळं.

४. सुट्टीच्या दिवशी काही घडलं तर पहिला फोन कोणी, कोणाला करायचा? नाव आणि नंबर भिंतीवर आहेत का? फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे ज्या खात्यात गेले तिथेच गोठवायचे असतील तर पहिले काही तासच कामाचे.

५. कर्मचाऱ्याने सुरक्षेबद्दल काही लेखी दिलंय का? त्याचं पुढे काय झालं?

हा पाचवा प्रश्न मी स्वतःच्या पैशाने शिकलो, असंही म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या नोकरीने शिकलो.

एक धोका मात्र आहे. हे सगळं कागदावरच होऊ शकतं. धोरण छापून घेतलं, सह्या केल्या, फाईल कपाटात गेली. लेखापरीक्षकाला दाखवायला ठीक. पण कागदाने कुलूप लागत नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी आधी न सांगता खरोखर करून बघा : आज कॉम्प्युटर बंद पडलाय असं समजा, ठेवीदाराला पाच हजार कसे द्याल? तासाभरात सगळं उघडं पडतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक भगिनी :* सर, आमच्या बचत गटाचं खातं आहे. त्याचा मोबाईल नंबर माझाच आहे, पण फोन मुलगा वापरतो. मला त्यातलं कळत नाही. माझी काही चूक होतीय का?

ताई, तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. गटाचं खातं तुम्ही दोघी-तिघींच्या सहीने चालवता ना? ती पद्धत का ठेवली? एकीवर विश्वास नाही म्हणून नव्हे. एकीवर सगळा भार पडू नये म्हणून. फोनलाही तेच लावा. गटाचा नंबर साध्या वेगळ्या फोनवर ठेवा, तो मुलाकडे देऊ नका. पैसे निघाल्याचा मेसेज दुसऱ्या एका बाईलाही कळेल अशी सोय बँकेला विचारा. आणि ओटीपी मुलालाही सांगायचा नाही. तो चांगलाच असेल, पण उद्या काही झालं तर संशय त्याच्यावर येईल. त्यालाच वाचवताय असं समजा.

आणखी एक सांगतो. बँकेच्या ग्राहकासाठी रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम आहे, सहकारी बँकांनाही तो डिसेंबर २०१७ मध्ये लावला. चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, तिसरीकडेच आहे आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. पण ओटीपी तुम्ही दिला, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या या नियमात येत नाही, हे ध्यानात ठेवा.

*एक तरुण :* माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पीक विम्याच्या दिवसांत लोक आधार, सातबारा, पासबुक सगळं व्हॉट्सॲपवर पाठवतात. ते माझ्या मोबाईलमध्ये तसंच पडून असतं. मी पण विश्वस्त झालो का?

झालात. मुकादमाकडे टोळीतल्या प्रत्येक कोयत्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स असते, तोही कागदाचा विश्वस्तच आहे. तुमच्याकडे तर ते डिजिटल आहे. काम झालं की पुसून टाका. सगळ्यात स्वस्त सुरक्षा हीच आहे, जे जवळ नाही ते चोरीला जात नाही. केंद्रातल्या कॉम्प्युटरवर मित्राला गेम खेळायला बसवू नका. आणि शेतकऱ्याने विचारलं, "माझे कागद कुठंयत?", तर तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे. राग न येता. (हशा)

वेळ झाली. शेवटचं एवढंच. आमच्या त्या क्लार्कने दारात उभं राहून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला तेव्हा दिलं नाही. आज तुमच्यासमोर देतो. नाही, त्याने एकट्याने केलं नव्हतं. आम्ही अकराजण होतो, आणि तो बारावा होता. तुमच्या संस्थेत असा एखादा अर्ज "पुढील सभेत ठेवावा" म्हणून पडला असेल, तर उद्या सकाळी जाऊन तो शोधा.